नकार कळवायला

कवळ्या बनवणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘अध्यक्ष’ म्हणत. आधी थट्टेने म्हणत, मग सवयीने, आणि पुढे पुढे त्यात थट्टा आहे हे त्याचं त्यालाच दिसेनासं झालं. त्याच्या समाजवादी गटात माणसं होती नऊ. रविवारी दुपारी ती त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जमत. फळीवर प्लास्टरचे जबडे वाळत पडलेले असत आणि त्यांच्या देखत क्रांतीची चर्चा रंगे.

पण गट नुसता बोलघेवडा नव्हता. इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या बायकांनी संप केला, तेव्हा हीच माणसं अख्खा हिवाळा त्यांच्या शेजारी फाटकावर बसली होती.

मग निवडणूक आली, डाव्यांची मोठी आघाडी उभी राहिली आणि तिच्यात जायचं की नाही यावरून गटात जुंपली. अध्यक्षाचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, वायरमन होता. तो म्हणाला, “भाऊजी, आपण किती दिवस एकमेकांनाच पटवत बसायचं? आपलं सगळ्यांना आधीच पटलंय!”

“धुलाईखाना ठेकेदाराच्या घशात घालणारा पक्ष आहे त्या आघाडीत. त्यांच्या मांडीला मांडी लावून बसू?”

“ते तर बसणारच आहेत. आपण नसलो तर त्यांना जाब कोण विचारणार?”

अध्यक्षाचा आक्षेप खरा होता, पण मनात दुसरंच काहीतरी डाचत होतं. तिकडे गेलो की आपण शेकड्यातले एक. इथे निदान अध्यक्ष. खोलीतल्या माना मेहुण्याच्या बाजूने डोलताना दिसल्या आणि तो बोलून गेला, “तुझं बरं आहे. त्यांच्या सभांच्या दिव्यांचं काम मिळालंय. तुला आघाडी गोडच लागणार.”

मेहुणा त्या कामाचे पैसे घेतो की नाही, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर हे वाक्य हातचं गेलं असतं.

मेहुण्याचा चेहरा उतरला. गटातल्या सगळ्यात थोरल्या मावशी, छापखान्यात यंत्रांपाशी उभं राहून कान गेलेल्या, शेजारणीला म्हणाल्या, “काय म्हणाला गं?” तिने कानात सांगितलं. मावशींनी मेहुण्याकडे एकदा टक लावून पाहिलं आणि मतदानात हात वर केला तो आघाडीच्या विरोधात. पाच विरुद्ध चार. मेहुणा उठला, त्याच्या मागोमाग तिघं उठले.

नकार समक्ष जाऊन कळवायचा, असं उरलेल्यांनी ठरवलं. अध्यक्षाने चार पानी निवेदन लिहिलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मावशींना बरोबर घेतलं.

आघाडीची बैठक एका शाळेच्या सभागृहात होती. माणसं दाटीवाटीने बसली होती. कोपऱ्यात मेहुणा गुडघ्यांवर बसून माइकची वायर जोडत होता. त्याने पाहिलं आणि मान खाली घातली. अध्यक्षाची पाळी आली तशी त्याने घसा खाकरून पहिलं पान वाचलं. दुसऱ्याला हात घालणार तोच निमंत्रक बाईंनी अगदी सौजन्याने विचारलं, “माफ करा, पण तुम्ही यायचं की नाही, असं काही ठरत होतं का? आम्हाला कल्पनाच नव्हती.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, मग बरेच जण हसले. “येत नाही हे सांगायला आले!” एकजण म्हणाला. अध्यक्षाच्या कानशिलांतून वाफा निघू लागल्या.

तेवढ्यात मेहुणा उभा राहिला, हातात पक्कड तशीच. “हसू नका. धुलाईखान्याचा संप आठवतोय? थंडीत फाटकावर हीच माणसं होती. आपल्यातलं तेव्हा कुणी फिरकलं नव्हतं.”

मग टाळ्या पडल्या, मनापासूनच्या. शेजारचा एकजण अध्यक्षाकडे वाकून म्हणाला, “ओळखता का त्याला? सगळ्या सभांची वायरिंग करतो, छदाम घेत नाही.”

मावशी टाळ्या बघून फुलल्या होत्या. त्यांनी त्याची बाही ओढली. “काय म्हणाले रे?”

खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. तो मावशींच्या कानाशी वाकला आणि ओरडला, “म्हणतात, तुमच्याशिवाय आघाडी अपुरी आहे!”

मेहुण्याने ते ऐकलं. दोन हातांच्या अंतरावर तर उभा होता. तो खाली बसून पुन्हा वायरीला लागला.

पुढच्या रविवारी मावशींनी सगळ्यांना हे तिखटमीठ लावून सांगितलं. उरलेली माणसं इतकी खूश झाली, की त्यांच्याकडे बघवेना. “थोर ठरलो बरं का आपण!” मावशी म्हणाल्या.

“मावशी, ते खोटं आहे,” अध्यक्ष म्हणाला.

“काय?”

“खोटं आहे! त्यांना आपलं नावही माहीत नव्हतं!”

“जरा मोठ्याने बोल!”

“मी खोटं बोललो! दिव्यांच्या कामाचंही! तो फुकट राबतो!”

दुकानाकडचं दार उघडलं. दारात बायको उभी होती. भाऊ घरी यायचा का थांबला, हे ती कितीदा विचारत होती आणि हा म्हणत होता, मतभेद, दुसरं काय.

मावशींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “त्या पोराच्या विरोधात मी हात वर केला तुझ्या शब्दावर. आता परत मत घ्या.”

मत घेतलं. बाकी सगळे आघाडीच्या बाजूने. अध्यक्षाला हात वर करायचंही तोंड राहिलं नव्हतं. त्याने तो मांडीवरच ठेवला.

संध्याकाळी तो मेहुण्याच्या दारात गेला. मेहुणा बाहेर आला आणि त्याने मागे दार ओढून घेतलं.

“मी त्या दिवशी जे बोललो…”

“हळू बोला. आत माझी बायको आहे. तुम्ही काय म्हणालात ते मी तिला सांगितलं नाही. तिच्या मनात तुमच्याबद्दल आदर आहे, तो राहू दे. ताईलाही नाही सांगितलं.”

“ताईला कळलंय. ओरडून सांगावं लागलं. मावशी होत्या ना.”

मेहुण्याला हसू फुटलं, पण ते त्याने तिथेच आवरलं. “गट येतोय का आघाडीत?”

“येतोय.”

“बरं झालं. गुरुवारी बैठक आहे, सगळ्यांना सांगा.” त्याचा हात मागे कडीवरच होता. “आत या म्हणालो असतो भाऊजी, पण आज नको. अजून जमायचं नाही मला.”

“नाही, बरोबर आहे,” अध्यक्ष म्हणाला. दार लागलं तरी तो जिन्यात उभाच होता. वरून कुणीतरी उतरत येताना ऐकू आलं, तसा तो तोंड भिंतीकडे करून चपलेचा पट्टा सारखा करू लागला. पट्टा चांगला घट्ट होता.