बाटलीची जन्मतारीख

"बाटली उघडलीस ना पोरी, म्हणजे ती जन्मली. आधी जन्मतारीख लिही, मग काय ती बाकीची कामं."

मामाचा हा आवाज बारा वर्षांपूर्वीचा. प्रयोगशाळेच्या रसायन-कोठारात त्यानं भाचीला कामाला लावलं, त्या पहिल्या सकाळचा. ॲसिडं खालच्या फळीवर, पेट घेणारं सगळं लोखंडी कपाटात, आणि इथरवर तारीख हवी म्हणजे हवीच. उघडलेलं इथर जुनं झालं की झाकणाच्या आट्यांत स्फोटक खडे धरतं. मग झाकण नुसतं पिळलं तरी बाटली फुटते.

तोच मामा आता खाटेवर बसला होता. उजव्या हाताची दोन बोटं गेलेली, एका डोळ्यावर पट्टी, आणि मांडीवर चौकशीचा कागद. कोठार नव्या इमारतीत हलवताना, खोक्यात भरण्याआधी, त्यानं इथरच्या बाटलीचं झाकण घट्ट करायला घेतलं आणि स्फोट झाला. काचेच्या एका तुकड्यावर लेबल शाबूत सापडलं. तारीख दोनच महिन्यांपूर्वीची. बाटली ताजी, म्हणजे मामानंच आदळली असणार, असं साहेबांनी लिहून टाकलं होतं. खाली कबुलीची सही तेवढी हवी होती.

"जन्मभर बाटल्या तान्ह्या बाळासारख्या उचलल्या यांनी," मामी चहा ठेवत म्हणाली. "मला कधी एवढं जपलं नाही."

"तू कुठे फुटणारी होतीस!" मामा हसला. मग ते हसू आपोआप विझलं. "आदळल्याचं आठवत नाही गं. तारीख बघूनच हात लावला होता. हातच म्हातारे झाले म्हणायचे, दुसरं काय."

त्यानं डाव्या हातात पेन धरलं.

भाचीला तो दिवस आठवला. दोन महिन्यांपूर्वी, कोठाराच्या तपासणीच्या आदल्या दिवशी, कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात तिला ती बाटली मिळाली होती. तीन वर्षांपूर्वी तिनंच उघडलेली, बिनतारखेची. बोलणी खावी लागतील म्हणून तिनं घाईघाईनं त्याच दिवसाची तारीख टाकली. अक्षर गोल, टपोरं. त्याला वळण मामानंच लावलेलं. ते ओळखीचं अक्षर पाहूनच तो निर्धास्त झाला असणार.

पेन कागदाला टेकलं.

"थांब मामा." तिनं त्याचं मनगट धरलं. "तुझे हात नाही चुकले. ती बाटली तीन वर्षांची होती. खोटी तारीख मी लिहिली."