एकाच लॉटच्या दोन डिस्क

दसऱ्यात साखरपुडा, मग ऊसतोड आणि परतल्यावर लग्न. शिरूर कासारात अशी घरं पुष्कळ. त्यामुळे साखरपुड्याचं शूटिंग रामेश्वरच्या स्टुडिओत सहा महिने पडून असे. दोन्हींचा अल्बम एकदमच होई.

या वर्षी केशरबाई तोडीवरून एकट्याच परतल्या. नवरा हरिबा तिकडंच, फडात, छातीत कळ येऊन गेला.

"पोरीच्या साखरपुड्यात हे माईक धरून बोलले होते," त्या म्हणाल्या. "तेवढाच आवाज ऱ्हायलाय. हाय ना रं?"

"हाय की मावशी. दोन डिस्कवर हाय."

रामेश्वरने पहिली हार्ड डिस्क जोडली. टक्, टक्, टक्. उघडेना. दुसरी जोडली. तीच टकटक. दोन्ही एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या. डिस्कवरच्या चिठ्ठीवर बनवल्याची तारीख एक, नंबर लागोपाठचे. एकीत जो खोटा माल गेला, तोच दुसरीत. वॉरंटी दोन वर्षं बाकी होती. पण वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, हरिबाचा आवाज नाही. रामेश्वरला केशरबाईंकडे बघवेना.

पाणी घेऊन आलेल्या मनिषाने, त्याच्या बायकोने, ती टकटक ऐकली. तांब्या ठेवून तिने कपाटातून एक ओरखडलेली डिस्क काढली. दुसऱ्या कंपनीची, नऊ वर्षांची.

"ही तर भंगारातली!"

"भंगारात तुमी टाकलती. माहेरी आमचे आण्णा दोन्ही वावरात एकाच लॉटचं सोयाबीन कधी पेरत न्हाईत. ह्या दोन्हींचा लॉट एकच दिसला, म्हणून दर आठवड्याला हिच्यावरबी कॉपी घेत गेले."

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"हसला असता."

"लई हसलो असतो," तो म्हणाला.

जुनी डिस्क एकसारखी घुमू लागली. पडद्यावर हरिबा माईकवर बोट आपटत होता. "हॅलो, हॅलो. आवाज येतोय का?"

"येतोय," केशरबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून तशाच बघत राहिल्या.

रामेश्वरने त्यांच्या मोबाइलवर आणि दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर ते शूटिंग घालून दिलं. त्या गेल्यावर त्याने जुन्या डिस्कवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली. कोणत्या कारखान्यात, कोणाच्या हाताने ती इतकी नीट जुळवली गेली, ते त्याला कधीच कळणार नव्हतं.

"आण्णांना फोन लाव," तो मनिषाला म्हणाला.

"आत्ता? ते वावरात असतील."

"असू दे. आभार मानायचेत."