खाचेत बसलं म्हणजे झालं का?

घाणीचं मला वावडं नाही. आमचा लाकूडकामाचा कारखाना आहे. इथे भुसा उडतो, सरस सांडतो, पॉलिशचा वास जेवणातसुद्धा येतो. पण थोरल्या मुलाने कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं आणि मला शिसारी आली. आत भुशाची गादी. पंख्याच्या पात्यांना काळी चिकट लव, तारांत केसांचे पुंजके, आणि कोपऱ्यात वाळलेलं झुरळ, मिशांसकट.

"शी! यावर गिऱ्हाइकाला चित्रं दाखवता?" मी धाकट्या सुनेला विचारलं.

"आई, रंधा माझ्या डोक्यावर चालतो. भुसा जाणार कुठे?" ती म्हणाली. या मुलीच्या जिभेला हाड नाही. माझ्याही नाही म्हणा, पण मी सासू आहे.

धाकटी आमची कपाटं आधी कॉम्प्युटरवर बांधते. गिऱ्हाइकाला समोर बसवून चित्रातलं कपाट फिरवून, दार उघडून दाखवते. पण हल्ली फिरवायला गेलं की चित्र अडकायचं, हट्टी बैलासारखं. त्या संध्याकाळी डॉक्टरीणबाई यायच्या होत्या, त्यांच्या दवाखान्याचं सगळं फर्निचर ठरवायला. आणि थोरल्याला धाकटीचं टेबल असलेला कोपरा हवा होता, प्लायवूड रचायला. रोजची कटकट ऐकून माझे कान किटले, तेव्हा मी सांगून टाकलं होतं : आज चित्र नीट फिरलं तर टेबल राहील, नाहीतर कोपरा प्लायवूडला. मी एकदा बोलले की बोलले.

सकाळी थोरला बिजागऱ्या आणायला निघाला, तेव्हा धाकटीने त्याला बजावलं होतं, "भाऊजी, येताना चित्र झरझर फिरवणारं ग्राफिक्स कार्ड आणा. पण छोटं. एकाच खाचेच्या जाडीचं, वेगळी वीज न मागणारं. आपला डबा लहान आहे."

याने आणलं काय? दोन पंख्यांचं धूड! पाटाएवढं लांब, विटेएवढं जाड.

"भाऊजी, हे काय?"

"अगं, मोठं घ्यावं. मोठं कमी करता येतं, छोटं वाढवता येत नाही."

हे वाक्य माझं. पण मी ते फळीबद्दल सांगितलं होतं. आमच्यात फळी नेहमी थोडी जास्त कापतात आणि मग रंधा मारून बसवतात. या शहाण्याने तोच कायदा कॉम्प्युटरला लावला.

डब्यात एक लांब खाच होती, पण तिच्यात जुनं कार्ड बसलेलं. याने ते धरून असं ओढलं की आतली हिरवी पाटी कुरकुरली.

"भाऊजी, थांबा, तिथे एक खिटी—"

"मला शिकवू नकोस. जन्म गेला खाचा पाडण्यात."

मग त्याची नजर गेली खालच्या आखूड खाचेवर. नव्या कार्डाची सोनेरी दातांची कड तिच्यावर ठेवून पाहिली. निम्मी कड बाहेर. जी बसत होती तीही घट्ट वाटली, म्हणून या दिवट्याने खिशातून पॉलिश पेपर काढला आणि सोनेरी दात घासले! माझ्या डोळ्यांदेखत! आणि मग उचलली पटाशी. "या खाचेची मागची भिंत उडवतो. मग बसेल."

"हात लावशील तर याद राख," मी ओरडले. "लाकूड आहे का ते? तुझी अक्कल तासायला घे आधी. तीच जाड आहे."

धाकटीने त्याला बाजूला सारलं. लांब खाचेच्या टोकाची खिटी बोटाने दाबली. जुनं कार्ड अलगद सुटून हातात आलं.

"ही लांब खाच कार्डाची. आखूड खाच दुसऱ्या कामाची," ती मला म्हणाली. नवं कार्ड तिने लांब खाचेवर धरलं. दात बरोबर जुळले.

"बघ! बसतंय की!" थोरला फुशारला.

"दाबून बघा ना, भाऊजी."

त्याने दाबलं. कार्डाचं शेपूट डिस्कच्या लोखंडी घरावर आपटलं. पुढे जाईना. वरून त्याच्या कडेला विजेचं भोक आ वासून बसलेलं, आणि त्यात जाणारी तार आमच्या डब्यात नाहीच.

मला तेव्हा समजलं. ड्रॉवरसारखंच. सरकायची पट्टी, चॅनेल, जुळली म्हणून ड्रॉवर बसत नाही. मागे भिंत किती लांब, शेजारी काय, तेही बघायचं. एवढी साधी गोष्ट, आणि कपाटं करण्यात केस पिकलेल्या माझ्या लेकाला कळू नये? दुकानदाराला फोन केला, तर घासलेला माल परत घेत नाही म्हणाला आणि वर हसला. मेला.

"आता?" थोरला म्हणाला. चेहरा असा, जणू कार्डाचाच गुन्हा.

"आता ब्रश घे आणि ही घाण काढ. झुरळसुद्धा. हातानं."

त्याने काढली, नाक मुरडत, ओकारी दाबत. धाकटीने जुनं कार्ड परत बसवलं आणि चित्रातली काचेची चकाकी, सावल्या काढून टाकल्या. "ओझं कमी केलं तर ओढेल बिचारं," म्हणाली.

डॉक्टरीणबाई आल्या. कपाट फिरलं. दमेकऱ्यासारखं, पण फिरलं. धाकटीने चित्रातल्या तपासणीच्या पलंगाजवळचा ड्रॉवर उघडला, तर तो थेट पलंगाच्या पायावर आदळला.

"अगं बाई! हे लाकडात केल्यावर कळलं असतं तर?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणून तर आधी इथे बघायचं," धाकटी म्हणाली, आणि ड्रॉवर दुसऱ्या बाजूला नेला. थोरला भिंतीकडे बघत होता.

काम मिळालं. डॉक्टरीणबाईंची पाठ वळताच मी सांगितलं, "टेबल हलणार नाही. उद्या बाजारात धाकटी जाईल. छोटं कार्ड तीच आणेल. रंधा दाराबाहेर न्यायचा."

"मग प्लायवूड कुठे रचू?" थोरला पुटपुटला.

"तुझ्या त्या कार्डाच्या खोक्यात. मोठं आणलंयस ना? नाही बसलं तर पॉलिश पेपर मार."