पाच पूर्णांक तीन होईपर्यंत

मी एक जुना पितळी तराजू आहे, मित्रांनो, आणि भंगारात जायचा माझा मुळीच विचार नाही. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने माझी दांडी अशी घासली की चिमूटभर मिठानेही काटा हलावा. शाळेच्या प्रयोगशाळेत मुलं माझ्यापुढे श्वास रोखून उभी राहत. मग विजेवरचा काटा आला, आणि मी खिडकीपाशी धूळ खात पडलो.

एका प्रात्यक्षिकाला नव्या काट्यापुढे रांग लागली. कंटाळून एक मुलगी मावसबहिणीला घेऊन माझ्याकडे वळली. धरलेलं सोडत नसे म्हणून वर्गात तिला 'चिकट' म्हणत. खाण्याचा सोडा एक दशांश मोल घ्यायचा होता. त्याच्या एका मोलचं वस्तुमान चौऱ्याऐंशी ग्रॅम. त्याला एक दशांशाने गुणलं की आठ पूर्णांक चार ग्रॅम. तेवढा तिने माझ्यावर तोलला आणि बशीत तापवला. दोन मोल सोडा तापवला की एक मोल धुण्याचा सोडा उरतो, त्याचं वस्तुमान एकशे सहा ग्रॅम. म्हणजे एक दशांशाच्या निम्मे मोल, बशीचं वजन सोडून पाच पूर्णांक तीन ग्रॅम, उरायला हवे होते.

मी पाच पूर्णांक नऊ दाखवले.

"सगळ्यांनी पाच पूर्णांक तीनच लिहिलंय," मावसबहीण कुजबुजली. "तूही लिही नि मोकळी हो."

"तराजू नाही म्हणतोय ना."

"त्याचं काय ऐकतेस? म्हातारा झालाय तो."

तेवढ्यात बाई आल्या. "तुझं गणित बरोबर आहे गं. तराजूच बिघडला असेल. काढूनच टाकायचाय त्याला."

"मघाशी सोडा यानेच तोललाय, बाई. मी परत तापवते."

"वेळ संपेल. गुण जातील."

"जाऊ देत."

तिने तापवलं, गार होऊ दिलं, तोललं. पाच पूर्णांक सहा; सोड्यातली वाफ आणि वायू अजून पुरते निघाले नव्हते. वर्ग रिकामा होत गेला. मावसबहीण मात्र कुरकुरत का होईना, थांबली. पुन्हा तापवलं, पुन्हा तोललं. पाच पूर्णांक तीन. आणखी एकदा तापवलं, तरी मी तिथून हललो नाही.

बाईंनी मग इतरांच्या बशा एकेक करून नव्या काट्यावर ठेवल्या. एकीतही पाच पूर्णांक तीन नव्हते. त्या बिचाऱ्यानेही खरंच सांगितलं होतं, पण ऐकलं कुणी?

"उद्या सगळ्यांनी पुन्हा करायचं," बाई म्हणाल्या. उशिराचे दोन गुण त्यांनी चिकटचे कापलेच. तिने नुसते खांदे उडवले.

मला काढून टाकायचं तूर्त लांबलंय. पण मित्रांनो, मला काचेच्या कपाटात शोभेला बसवू नका. कीवही करू नका. धूळ पुसा, पारड्यात काहीतरी ठेवा, आणि मी सांगेन ते नकोसं वाटलं, तरी तेच लिहा.