शांताबाईंची नवीकोरी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी व्हीलचेअर आहे. तीन वर्षं झाली, तरी माझ्या हातांवरचं प्लास्टिक निघालेलं नव्हतं. ऐकून कौतुक वाटलं ना? मला मात्र संताप येतो.

माझा जन्म परदेशातला. तिथल्या एका चर्चने मला विकत घेतलं आणि सेवेला निघालेल्या तरुणांबरोबर रामाकोन्याजवळच्या एका गावी पाठवलं. निळे टी-शर्ट घातलेल्या त्या पाहुण्यांनी दहा दिवस औषधं वाटली, प्रार्थना केल्या, पोरांना गाणी शिकवली. शेवटच्या दिवशी मला शांताबाईंच्या अंगणात नेलं.

शांताबाईंचे पाय लकव्याने गेले होते. त्याआधी विहारातली वंदना रोज त्यांच्या आवाजात सुरू व्हायची. विहार अवघा दोन गल्ल्या पलीकडे, पण आता त्या घरातूनच ऐकायच्या. मला पाहून त्यांनी हात जोडले. "आता मी विहारात जाईन," म्हणाल्या. फोटो निघाला, टाळ्या पडल्या, पाहुणे गेले. मी अभिमानाने फुगले होते. मूर्ख कुठली!

लगेच त्यांचा मुलगा उत्तम मला उचलून मागच्या खोलीत घेऊन गेला. "गल्लीत नालीचं पाणी हाय, माय. एवढी भारी खुर्ची खराब होऊन जाईन." सून रूपालीने वरून चादर घातली. आणि शांताबाई? त्याही म्हणाल्या, "राहू दे बाप्पा. लोकायची वस्तू हाय."

लोकांची कसली? तुमची आहे, तुमची! पण व्हीलचेअरचं कोण ऐकतं?

पुढच्या जानेवारीत पाहुणे पुन्हा आले. मला पुसून अंगणात मांडलं, शांताबाईंना बसवलं. पाहुण्यांचा म्होरक्या खूश झाला. "किती छान जपलीत!" म्हणाला आणि शेजारच्या घरांना माझं उदाहरण दिलं. त्या शाबासकीनेच घात केला. उत्तम वाईट नाही हो. दिवसभर संत्र्याच्या बागेत राबतो, आईला स्वतःच्या हाताने भरवतो. पण आता त्याला धास्ती बसली. ओरखडा आला तर पाहुणे काय म्हणतील? मग मी वर्षातून एक दिवस, दहा पावलं, अंगणापर्यंत. चाकांना मातीच कशी नाही, हे कोणी विचारलं नाही. एवढी शिकलेली माणसं, डोळे कुठे ठेवले होते?

यंदाही मला अंगणात मांडून शांताबाईंना बसवलं, आणि पाहुण्यांबरोबर हॅना आली. पहिला फोटो तिनेच काढला होता. ती माझं चाक पाहायला खाली बसली. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते जसेच्या तसे होते. पाहुण्यांचं बोलणं मराठीत सांगणाऱ्या अमिताताईंना तिने विचारायला लावलं, "आजी, तुम्ही यात बसून शेवटच्या कधी बाहेर आलात?"

शांताबाई हसून म्हणाल्या, "मागच्या साली. तुमी लोक आले होते ना, तवा."

हॅनाचा चेहरा उतरला. "मी तिकडे सगळ्यांना सांगत होते, आजी आता फिरतात म्हणून." झोंबू दे चांगलं! मला तिची जराही कीव आली नाही. मग ती उत्तमला म्हणाली, "मोडली तरी चालेल. आम्हीच चुकलो."

अमिताताईंनी ते मराठीत सांगितलं मात्र, शांताबाईंचं हसू गेलं. त्यांनी नखांनी माझं प्लास्टिक टराटरा फाडलं.

"अवं माय, काय करून राहिली!" उत्तम ओरडला.

"तीन साल झाले, उत्तम. मले फोटोपुरतं काढून राहिले तुमी. विहारात ने."

हॅना ढकलायला पुढे झाली. "तू नोको," शांताबाई म्हणाल्या. "माह्या पोराले ढकलू दे."

नालीजवळ माझं चाक अडकलं, पायदान वाकलं, रंग खरवडला. उत्तम एकदाही थांबला नाही. विहारात सगळे उठून उभे राहिले. पण शांताबाईंच्या शेजारी बसून वंदना म्हणणारी जयवंता मागच्या वर्षी वारली होती. त्या तिच्या जागेकडे बघत राहिल्या. 

मित्रांनो, कोणाला काही दिलंत तर पुढच्या वर्षी येऊन ती वस्तू चकाकते का, ते पाहू नका. ते माणूस कुठवर जाऊन आलं, ते विचारा. आणि विचारायला तीन वर्षं लावू नका.