भिंतीवरच्या मापात मी नखभर कमी भरलो

तुम्हालाच विचारतो. कापड घ्यायला गेलात की विश्वास कुणावर ठेवता? दुकानदाराच्या गोड बोलण्यावर, त्याच्या हातावर, का त्या हातातल्या गजावर? गजावरच ना? सगळे तेच करतात. मीसुद्धा फार वर्षं स्वतःवर डोळे मिटून विश्वास ठेवला. तो गज मीच. बसा जरा, सांगतो.

मी शिसवी लाकडाचा. लांबी बरोबर एक मीटर, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. आबांनी कापडाचं दुकान टाकलं तेव्हा मला करून घेतलं. आबा शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण कापड नुसतं चिमटीत धरून ते कुठल्या गिरणीचं हे सांगायचे. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मला गादीवर आपटायचे. "भाव कमी-जास्त होईल, माप होणार नाही. या गजाची शपथ!" मी ताठ व्हायचो. एरवीही ताठच असतो म्हणा.

दुकानात दुसरा भरवशाचा माणूस म्हणजे मामा. आबांचे मेहुणे. ठाण उलगडणं, मोजणं, फाडणं सगळं त्यांच्याकडे. मामांच्या हातात मी इतका फिरलोय की माझ्या मधल्या भागाला त्यांच्या बोटांची झिलई आहे.

आबांची लेक बारकी. तीन वर्षांची असताना तिने माझा घोडा केला. दुकानभर टबडक टबडक. पायरीवर मी आपटलो आणि एका टोकाची जाड पितळी टोपी उडून गटारात गेली. आबा तिला रागावले नाहीत. शेजारच्या टिनवाल्याकडून पातळ पत्रा मारून घेतला आणि म्हणाले, "झालं, होता तसा झाला." खोटं कशाला बोलू, मला तेव्हाच एका बाजूला हलकं वाटलं होतं. पण समोर गिऱ्हाईक उभं, लग्नसराईची गर्दी. अशा वेळी कोण तोंड उघडतं?

पुढे एकोणीस वर्षं गेली. बारकी नाटकाच्या पोशाखांचं शिक्षण घ्यायला परदेशी निघाली, तेव्हा आबांनी मला तिच्या हातात दिलं आणि स्वतःला स्टीलचा नवा गज आणला. "शिक्षण तिथलं घे," म्हणाले, "माप घरचं ठेव."

तिची खोली एवढीशी. त्यात दोन पलंग, एक खिडकी आणि एक लंबू. लंबू म्हणजे तिच्याच वर्गातली, खोलीतली जोडीदारीण. पहिल्या दिवशी मला बघून म्हणाली, "अगं, शिकायला आलीस का मारामारी करायला?"

"मारामारीलाच. सुरुवात खोलीपासून," बारकी म्हणाली. मग दोघी हसत सुटल्या.

त्या खोलीत मी काय काय नाही केलं! उंचावरची खिडकी लावली. पलंगामागे पडलेले मोजे ओढले. वरच्या मजल्यावरचा नाचायला लागला की छताला ढोसलं. सकाळी सात जणांत एक न्हाणीघर, म्हणून लंबू मला दारात आडवा लावून नंबर धरायची. माझ्यावर ओले मोजे वाळले. तक्रार नाही. दुकानात उभा असताना जग माझ्यासमोर येत होतं, इथे मी जगासमोर जात होतो.

दर शनिवारी शिवणाच्या बाई पोरींना घेऊन निघायच्या. कधी संग्रहालय, कधी नाटक, कधी गाण्याची मैफल. बारकी मला खांद्याला लावून न्यायची आणि दारावरचा माणूस मला छत्र्यांच्या पिंपात उभा करायचा. आत मी एकदाही गेलो नाही. पण बाहेर येणारी माणसं पाहिली. आत जाताना बडबडणारी माणसं बाहेर येताना हळू पावलं टाकायची. बारकी एकदा आली आणि मला उचलायचंच विसरली. लंबूला म्हणत होती, "हजार वर्षांपूर्वीचं कापड गं. विणणारीचं नाव कुणाला माहीत नाही. आणि काठ बघितलास? एक धागा इकडचा तिकडे नाही!" तिचे डोळे भरले होते. कापडात जन्म घालवलेला मी, मला वाटलं, आपण आजवर कापड बघितलंच नाही, नुसतं मोजलं.

मैफलीच्या दिवशी तर भिंतीपलीकडून एक खोल सूर आला. कानाला ऐकू येण्याआधी तो फरशीतून माझ्या अंगात चढला. पिंपातल्या सगळ्या छत्र्या बारीक थरथरायला लागल्या. आम्ही लाकडं आणि लोखंडं, आम्हाला कोण विचारतं? पण त्या दिवशी आम्हालाही त्या सुरानं विचारलं.

इकडे आबांचे फोन यायचे. हाल-हवाल झाली की एकच कुरकुर. "बारके, दुकानात चोरी होतेय. पूर्वी प्रत्येक ठाणातून वीतभर कापड जास्त निघायचं. मी म्हणायचो, गिरणीवाले सढळ हाताचे. आता सहा महिने काही उरतच नाही. आणि मोजतो कोण? तुझा मामा!"

"आबा, मामा असं करेल?"

"तीस वर्षं मीही हेच म्हणायचो. महिनाअखेर त्याला घरी बस म्हणणार आहे."

फोन ठेवून ती माझ्या मधल्या झिलईवरून बोट फिरवत बसायची. मामांनी तिला खांद्यावर बसवून शाळेत सोडलेलं होतं.

त्याच महिन्यात बाईंनी दोघींना काम दिलं. नाटकघराच्या कोठारातल्या जुन्या राजाच्या झग्यासारखा नवा झगा शिवायचा. लंबूने जुन्या झग्याचा घेर पोलादी फितीने मोजला. बरोबर नऊ मीटर. बारकीने मला लावून मोजला. नऊ मीटर आणि वर चार बोटं.

"तुझी फीत ताणली गेली असेल," बारकी म्हणाली.

"पोलाद ताणतं होय? तुझी काठीच खोटी."

"काठी म्हणू नकोस. त्याच्यावर हात ठेवून माझे आबा शपथ घेतात!"

भांडण इतकं पेटलं की न्हाणीघराचा नंबर धरणंही वेगवेगळं झालं. बाईंनी दोघींचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शनिवारी जुन्या बाजाराला जाऊ. तिथल्या भिंतीला विचारा."

त्या बाजाराच्या दगडी भिंतीत, उघड्यावर, दोन पितळी खुंट रोवलेले होते. दोघांमधलं अंतर बरोबर एक मीटर. पूर्वी व्यापारी सगळ्यांदेखत आपले गज तिथे लावून बघायचे, असं बाईंनी सांगितलं. किती उन्हं, किती थंडी, किती लबाड हात त्या भिंतीने पाहिले असतील! तरी ती तसूभर हलली नव्हती, आणि कुणावर ओरडतही नव्हती. छत्र्यांच्या पिंपात उभं राहून ज्या जुन्या, अचूक कामाबद्दल मी नुसतं ऐकत आलो, ते आज माझ्यासमोर होतं. माझा ताठा कुठल्या कुठे गेला.

बारकीने मला खुंटांच्या मध्ये ठेवलं. घट्ट बसायला हवा होतो. मी खुळखुळलो. पत्र्याच्या टोकाला नखभर फट.

लंबू हसली नाही. तिने बारकीच्या पाठीवर हात ठेवला.

बारकी त्या फटीकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "ठाणात वीस मीटर. वीस नखं म्हणजे एक वीत." आणि तिथेच पायरीवर बसून तिने फोन लावला.

"आबा, मामाने काही चोरलेलं नाही."

तिने सगळं सांगितलं. जुना गज आखूड होता म्हणून वीत उरायची, नवा स्टीलचा बरोबर आहे म्हणून उरत नाही.

"पत्र्याचं टोक?" आबांनी विचारलं.

"हो. मी घोडा केला होता तेव्हाचं."

"घोडा पोरीने केला. पत्रा मी मारला. आणि मोजून बघितलं नाही." आबा म्हणाले. "उरलेली वीत रोज दिसत होती गं. गिरणी सढळ आहे हे मानायला बरं वाटत होतं. मामाला चोर मानणंही किती सोपं गेलं बघ."

पुढचं सगळं फोनवर कळलं. दुसऱ्या दिवशी दुकानावर पाटी लागली. एकोणीस वर्षं आमच्या गजाने मीटरमागे नखभर कमी दिलं, ज्यांनी नेलं त्यांनी येऊन भरून घ्यावं. मामांपुढे आबांनी सगळ्यांदेखत स्वतःचे कान धरले. मामा एवढंच म्हणाले, "भावोजी, सोडा. तो गज माझ्याच हातात होता, मलाही कळलं नाही." पण सगळ्यात जोरात भांडला समोरचा शिंपी. "बाह्या आखूड म्हणून एकोणीस वर्षं शिव्या मी खाल्ल्या! त्या कशा भरून देणार?" आबांनी त्याला पाटीखाली खुर्ची टाकून दिली. आता येणाऱ्या प्रत्येकाला तोच हौसेने सगळी गोष्ट सांगतो.

झगा पोलादी फितीच्या मापाने झाला. नाटकाच्या दिवशी बारकी मला पहिल्यांदा आत घेऊन गेली, पडद्याच्या बाजूला. राजा वळला, नऊ मीटरचा घेर लाटेसारखा उठून त्याच्यामागे आला, आणि अंधारातल्या शेकडो माणसांचा श्वास एकदम थांबला. आतला तो क्षण मी पाहिला. मी मोजलेला नव्हता, तरी पाहिला.

आता मी तिच्या खिडकीजवळ असतो. लंबू मला गज म्हणते, काठी नाही. नवी टोपी बसवू का, असं बारकीने विचारलं होतं आबांना. ते म्हणाले, "नको. पत्र्यावर खूण कर, नखभर कमी." ती खूण माझ्या अंगावर आहे आणि मला तिची लाज वाटत नाही.

तुमच्याकडे एकच मागणं. कुणाला काय दिलं ते सगळेच लिहून ठेवतात. तुम्ही कुठे नखभर कमी दिलंत, तेही त्याच पानावर प्रामाणिकपणे लिहा.