माणशी चार भाकऱ्या

मोरीत तांब्या घरंगळला आणि पुस्तकावर ओणवी झालेली मालिनी दचकली. कुसुम रांगत रांगत थेट तिथवर पोचली होती. मालिनीनं तिला कडेवर घेतलं, पदरानं तिचे ओले पंजे पुसले, पण स्वतःचे डोळे काही त्या पानावरून हलेनात.

‘विणकर कुटुंबांचा आहार.’ वेणीमाधवरावांच्या या प्रबंधाला विद्यापीठाचं बक्षीस मिळालं होतं. गावभर कौतुक झालं, पेढे वाटले. सातव्या कोष्टकात लिहिलं होतं: मोठ्या माणसाला दिवसाच्या चार भाकऱ्या, मुलाला दोन. हे आकडे मालिनीनं आणलेले.

वेणीमाधवराव कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. विणकरांच्या मोहल्ल्यातल्या बायका परपुरुषासमोर येईनात, म्हणून प्रश्नांचे छापील कागद घेऊन नवऱ्याऐवजी गेली ती मालिनी. तेव्हा कुसुम पोटात होती. पहिलंच घर माजिदाबीचं. मंदीनं निम्मे माग बंद पडलेले, तरी तिनं शेजारून साखर आणून पाहुणीला आधी सरबत दिलं. मालिनी ते प्यालीही, घरी मात्र कुणाला सांगितलं नाही. आतल्या खोलीत सासू खोकत होती, दारात दोन शेजारणी कान देऊन उभ्या.

“किती भाकऱ्या खाता?”

“अल्लाचं दिलेलं खूप आहे, बाई. चार लिहा. पोरीच्या दोन.”

एकीनं चार म्हटल्यावर दुसरी तीन कशी म्हणणार? शेजारची रेहाना तर ठसक्यात पाच म्हणाली. एका घरी चुलीच्या राखेत मांजर वेटोळं करून निजलं होतं. तिथंही चारच. मालिनी लिहीत गेली. ज्यांचं सरबत प्यायलं, त्यांना सासूदेखत ‘खोटं बोलता’ कोणत्या तोंडानं म्हणायचं?

घरी आल्यावर मात्र ती म्हणाली होती, “अहो, एका घरी चूल गारठलेली होती. आत मांजर निजलं होतं.”

ते हसले होते. “मांजराचा रकाना नाहीये आपल्याकडे. तू विचारलंस, त्यांनी सांगितलं. शास्त्र याच्यावरच चालतं.”

बक्षिसाची बातमी भाकऱ्यांच्या आकड्यांसकट वर्तमानपत्रात आली, आणि आठवड्याच्या आत व्यापारी मंडळींनी विणकरांना अर्ध्या भावात मिळणारी ज्वारी बंद केली. चार-चार भाकऱ्या हाणणाऱ्यांना सवलत कशाला?

आज सकाळी तिनं पुन्हा विषय काढला. टोपी घालता घालता वेणीमाधवराव थांबले.

“पत्र लिहितो मंडळींना,” ते हळूच म्हणाले. “बक्षीस गेलं तर गेलं. पण लिहू काय? बायका खोटं बोलल्या, एवढंच लिहिता येईल. आणि कोण बोललं, हे ते विचारणारच. त्या बायकांना चालणार आहे का, विचार.”

विचारायला जायची वेळच आली नाही. दुपारी माजिदाबी स्वतःच मागच्या दारी आली, बुरख्यात, सहा वर्षांच्या मेहरुन्निसाचा हात धरून.

“बाई, ते चार खोडा ना. दोन करा. एक करा.”

“छापून झालंय हो.” मालिनीनं पुस्तक उघडून दाखवलं. “पण आमचे हे व्यापारी मंडळींना पत्र देतायत. तुम्ही वाढवून सांगितलं होतं, असं लिहावं लागेल. तुमच्या नावानिशी.”

“ते पत्र सगळ्यांसमोर वाचतील?”

“वाचतील.”

माजिदाबीनं मान हलवली. “माझ्या सासूनं उभ्या जन्मात कुणाला कळू दिलं नाही घरात काय शिजतं ते. नाव नको, बाई.”

“नावाशिवाय ते ऐकायचे नाहीत.”

“मग रेहानाचं घाला. पाच तिनंच सांगितल्या!”

दोघींना हसू फुटलं. हसता हसता माजिदाबीनं नकाब तोंडावर ओढून घेतला आणि मग कितीतरी वेळ तो वर केला नाही. मालिनी उठली, भाकरी आणि थोडं पिठलं घेऊन आली आणि ताटली पोरीपुढं ठेवली.

माजिदाबीनं पोरीचा हात चटकन मागे ओढला. “नको नको. जेवूनच आलीय ती. पोट भरलंय तिचं.”

मेहरुन्निसानं ताटलीकडे पाहिलं. मग मालिनीच्या शेजारी उघड्या पडलेल्या पुस्तकाकडे.

“काकू, यात माझंपण लिहिलंय?”

“हो.”

“किती?”

“दोन,” मालिनी म्हणाली. “रोजच्या दोन.”

पोरीनं आईच्या नकाबाकडे पाहिलं. तिथून काही कळेना, तेव्हा ती मालिनीकडे वळली.

“मग माझ्या कुणी खाल्ल्या?”